माणिकप्पांना ग्रुपमधून काढलं

सकाळी फोन हातात घ्यायचा म्हटलं की नांदेडच्या रईसाच्या मस्तकात तिडीक जायची. ‘सोबत’ नावाचा ग्रुप तिनंच काढलेला. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी धावणारे, गटारात माणसं उतरवण्याविरुद्ध भांडणारे, शिकवणीसाठी आलेल्या मुलींच्या तक्रारी घेणारे असे नांदेड-लातूरकडचे कार्यकर्ते त्यात होते. ज्यांच्यावर बेतलंय त्यांनाही इथं निर्धास्त बोलता यावं, एवढाच हेतू. नियमही सोपे होते : कुणाचं नाव नाही, फोटो नाही, इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. सगळ्यांनी खाली अंगठे टाकले आणि वाचले कुणीच नाहीत. उजाडलं की गुलाबाची फुलं आणि पुढाऱ्यांची भाषणं. एखादी बाई काही लिहायला लागली की पुरुष मंडळी तिला कायदा शिकवायला हजर.

यात सगळ्यांत वडीलधारे निलंग्याचे माणिकप्पा. भूकंपात त्यांनी ढिगाऱ्यातून माणसं ओढून काढलेली, तेव्हापासून त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. रईसा आतल्या आत चरफडायची, पण “अप्पा, जरा नियम बघा की” याच्यापुढं तिची जीभ रेटत नव्हती.

मग पुनमचं प्रकरण झालं. पुनम हदगावची, लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेची शिकवणी लावून एका खाजगी होस्टेलवर राहायची. ग्रुपमधल्याच लातूरच्या शिवकन्यानं तिला तिथं आणलं. पोरीनं भीत भीत लिहिलं : होस्टेलचा मालक संध्याकाळी मुलींचे फोन जमा करतो, त्यातले मेसेज सगळ्यांसमोर वाचून दाखवतो, आणि कुणी तोंड उघडलं तर तिच्या घरी फोन करून भलतंसलतं सांगतो. कुठं तक्रार करू? माझं नाव कळू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवकन्याचा फोन आला. “ताई, पुनमला होस्टेलमधून काढलं. बाप न्यायला आलाय. लई रडून राहिली पोरगी.”

पुनमच्या मेसेजचा फोटो, नावासकट, लातूरच्या बातम्यांच्या ग्रुपवर फिरत होता. वर ओळ होती : ‘या वाघिणीला सलाम!’ टाकणारे माणिकप्पा.

रईसानं त्यांना फोन लावला.

“चांगलंच केलं की मी,” अप्पा म्हणाले. “भूकंपात नावानिशी ओरडत फिरलो म्हणून मदत पोचली. झाकून ठेवलं असतं तर माणसं मेली असती.”

“अप्पा, ती पोरगी नाव घेऊ नका म्हणत होती. वाचलं न्हाई का तुम्ही?”

“वाचलं. पोरीबाळी भितातच. आपण हिंमत द्यायची.”

“हिंमत तुमची, अन् शिक्षण सुटणार तिचं!”

“तू मला शिकवून राहिली का?”

रईसानं फोन ठेवला आणि अप्पांना ग्रुपमधून काढून टाकलं.

मग काय विचारता! एवढ्या मोठ्या माणसाचा अपमान केला म्हणून निम्मे लोक बाहेर पडले. उरलेले तिलाच फोन करून समजावू लागले. पुनमबद्दल एकानंही विचारलं नाही. रईसाचा नवरा सलीम कंटाळून म्हणाला, “बंद कर ना एकदाचं.”

“बंद करू अन् तिच्यासारखीनं बोलायचं कुठं? भिंतीशी?” ती त्याच्यावरच खेकसली.

ती आणि शिवकन्या हदगावला गेल्या. पुनम समोर बसायला तयार नव्हती. दारातूनच म्हणाली, “तुमच्या भरवशावर लिहिलं होतं, ताई.”

“हाव. चुकलं माझं,” रईसा म्हणाली.

पोरीला परत लातूरला पाठवा म्हटलं, तर बाप ऐकेना. शेवटी शिवकन्या म्हणाली, परीक्षेपर्यंत पोरगी माझ्या घरी राहील, माझ्या लेकीबरोबर. आईनं बाजू लावून धरली तेव्हा कुठं तो कबूल झाला. पोरीला होस्टेल सोडावं लागलं हे कळल्यावर अप्पा वरमलेत, त्यांना माफी मागायला यायचंय, असा निरोप शिवकन्यानं दिला, तर पुनम म्हणाली, “इथं नको. जिथं माझं नाव टाकलं तिथंच लिहा म्हणावं, चुकलं म्हणून. माझं नाव न घेता.”

अप्पांनी बरेच दिवस कुरकुर केली, पण लिहिलं. लोकांनी टिंगल केली, तीही सोसली.

‘सोबत’ आता लहान झाला. नवीन माणसाशी रईसा आधी स्वतः बोलायची, आणि नियम मोडला तर वय न बघता काढायची. होस्टेलच्या मालकाविरुद्ध तक्रार गेली ती शिवकन्याच्या नावानं.

पावसाळा सरता सरता अप्पांचा फोन आला. “मला परत कधी घेशील?”

“पुनमला विचारलं, अप्पा. नको म्हणते.”

“बरोबर हाय तिचं,” अप्पा म्हणाले. “ते राहू दे. एक बाई आलीय माझ्याकडं. तुझा नंबर देऊ का तिला?”

“तिला विचारलं का?”

“विचारूनच फोन केला.”

“मग द्या.”

“देतो. बाई बिलोलीकडची हाय बघ, तिचा नवरा तिथं...”

“अप्पा!” रईसा ओरडलीच. “ती सांगेल की!”