तिसरं कडवं

चाळीस वर्षं गिटार खांद्याला लावून फ्रान्सभर गात हिंडलेल्या सोलांज बेर्तोमेला म्हातारपणी भांडण सुचलं. पश्चिम किनाऱ्यावरचं मिठागरांचं एक गाव आपल्या जुन्या गाण्यांचं पुस्तक काढत होतं. तीस वर्षांपूर्वी, सत्तावन्न साली तिनं लिहिलेलं मिठागरवाल्याचं गाणं त्यात पूर्वापार म्हणून बिननावाचं चाललंय, अशी तिला बातमी लागली. आयत्या बिळावर नागोबा, असं पुटपुटत ती गाडीत बसली. नाव छापून घ्यायचंच.

पोचली तेव्हा गावजेवण रंगलं होतं. कालवं, लोणी लावलेला पाव, पांढरी वाइन. पुस्तकाचं काम बघणारे आन्सेल्म मास्तर काही तिला ओळखेनात. "बसा बाई, आधी खा," म्हणाले. जेवताना गाणं फिरायचं. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती झेलायची, आणि चुकेल त्यानं उभं राहून पेला रिकामा करायचा.

सोलांजनं आपल्या पाळीला मुद्दाम आपलंच गाणं धरलं. दोन कडवी गावानं झकास झेलली. तिसऱ्यातली 'तो परतलाच नाही' ही ओळ मात्र कुणी झेललीच नाही.

"चुकलीस पोरी," अठ्ठ्याहत्तरीची लेओन्तीन म्हणाली. "उभी राहा, पी."

"चुकले? मी?"

"मग काय मी? तो परततो. दार लोटतो नि विचारतो, सूप उरलंय का. शहरात शिकलीस वाटतं. माझ्या लग्नात आईनं म्हटलंय हे, एकतीस साली."

एकतीस साली सोलांज सहा वर्षांची होती. ते तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं गिळलं. सूप उरलंय का. ते कडवं तिला स्वतःला कायम लंगडं वाटत आलं होतं. तिनं मारून टाकलेल्या माणसाला या लोकांनी भुकेला करून घरी आणला होता. तिला हेवा वाटला, आणि त्याहून जास्त आनंद झाला. तिनं मुकाट पेला संपवला आणि लेओन्तीनकडून कडवं दोनदा म्हणून घेतलं.

आन्सेल्म वही घेऊन आले. गाणं कुणी रचलं हे तिथे विचारत नसत. कुणाकडून घेतलं, एवढंच लिहीत.

"बाई, तुमचंही नाव घालू. कुणाकडून शिकलात?"

याच घटकेसाठी ती इतक्या लांब आली होती.

"लिहा," ती म्हणाली. "सोलांज बेर्तोमे. लेओन्तीनकडून शिकली."

"आजच," लेओन्तीननं भर घातली. "आणि अजून कच्चं आहे, तेही लिहा."