एकतिसावा आठवडा

हे गेले त्याला आता तीन वर्षं होऊन गेली, पण वर्षातला एकतिसावा आठवडा त्यांच्या नावावर असल्यामुळे तेवढ्या दिवसांपुरते ते असतात. आंबोलीच्या रिसॉर्टमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, दरीच्या बाजूच्या खोलीत.

आठवडा त्यांनीच घेतला होता. हे पाटबंधारे खात्यात आरेखक होते. निवृत्त झाले त्या वर्षी सांगलीच्या एका हॉटेलात आम्हाला जोडीनं बोलावणं आलं. जेवण फुकट, वर एक प्रवासी बॅग. टाय लावलेला एक माणूस चार तास यांच्याशी बोलत होता. सही करून मिरजेला परत येताना हे बसमध्ये म्हणाले, "इंदू, आता तेहेतीस वर्षं दर वर्षी आपल्याला जायला जागा आहे." जुलैअखेरचा आठवडा स्वस्तात पडला होता, कारण त्या दिवसांत आंबोलीला धुक्याशिवाय काही दिसत नाही. आम्ही सहा वर्षं गेलो. सातव्या वर्षी मार्चमध्ये हे वारले.

त्या जुलैत मी एकटीच गेले, यांचं नाव कमी करून घ्यावं म्हणून. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "साहेब सकाळीच आलेत. वर आहेत."

मी वर गेले. हे गॅलरीत कानटोपी घालून पेपर वाचत बसले होते.

"उशीर केलास," म्हणाले.

"कोल्हापूरला गाडी चुकली," मी म्हटलं.

दुसरं काही बोलावंसं वाटलं नाही. सात दिवस मी त्यांचे सदरे धुतले, आणि धुक्यामुळे ते वाळले नाहीत. रविवारी दहा वाजता खोली सोडायची असते. यांनी काउंटरवर वहीत सही केली. मग पेन खाली पडलं. मी वाकून ते उचललं आणि वर पाहिलं, तर सही ओली होती आणि हे नव्हते. बाईंनी वही मिटली. "पुढच्या वर्षी याच आठवड्यात," म्हणाल्या.

आमची मुलगी वैजयंती पुण्याला असते. तिला मी आल्या आल्या सांगितलं. ती खूप वेळ रडली. मग म्हणाली, "मी नाही यायची आई. बाबांना एकदा पोचवून आलेय. मला पुन्हा पुन्हा नाही जमणार."

मला जमत होतं असं नाही. पण पुढच्या वर्षीही गेले. त्या शनिवारी दुपारी हे पलंगावर उठून बसले आणि म्हणाले, "इंदू, सोमवारी मला काही ठाऊक नसतं. बुधवारपर्यंत मी मजेत असतो. गुरुवारपासून कळायला लागतं. आज सगळं माहीत आहे. उद्या दहाला मला जायचंय."

"हो."

"अजून किती वर्षं?"

"पंचवीस."

त्यांनी गॅलरीच्या दाराकडे बघितलं. धुकं दारातून आत येऊन खुर्चीवर बसल्यासारखं झालं होतं.

"माणसानं एकदा मरावं," ते म्हणाले. "हा आठवडा विकून टाक. ज्याला हवा असेल त्याला दे."

"आणि मग तुम्ही?"

"मग मी नसेन. साधा नसेन. सगळे नसतात तसा."

रविवारी दहा वाजता त्यांनी सही केली. पेन या वेळी मी आधीच हातात धरून ठेवलं होतं. तरीही ते गेले.

मी वैजूला सांगून इंटरनेटवर जाहिरात टाकली. तिसऱ्या दिवशी घरच्या फोनवर एका माणसाचा फोन आला. आवाज गोड होता, मला मावशी म्हणत होता. म्हणाला, ग्राहक तयार आहे. परदेशातलं डॉक्टरांचं कुटुंब आहे, त्यांना धुकंच हवंय. मला इतका आनंद झाला की मी उभी होते ती खाली बसले.

"फक्त फाइल उघडायला एक दिवस आगाऊ लागेल, मावशी. व्यवहार झाला की लगेच परत. मोबाईलवर एक शब्द येईल, तेवढा वाचून दाखवा."

मोबाईलवर शब्द आला. सोमवार. मी तो वाचून दाखवला.

करारनाम्यावर सातही दिवस एकाखाली एक छापलेले होते. माझ्या डोळ्यांदेखत पहिली ओळ फिकी झाली, आणि मग तिथे कोरा कागद राहिला. दुसऱ्या दिवशी मी त्या नंबरवर फोन केला, तर हा क्रमांक अस्तित्वात नाही असं उत्तर आलं.

मी वैजूला सांगितलं नाही. शरम वाटली. आयुष्यभर भाजीवाल्याकडूनही कधी फसले नव्हते.

डिसेंबरात एक बाई घरी आल्या. हिमगौरी सबनीस असं नाव सांगितलं. सुती साडी, हातात फायली. त्यांनी चहा घेतला, पोह्यांना नावाजलं आणि म्हणाल्या, "तुमचा सोमवार गेलाय ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमचं कामच आहे ते. गेलेलं परत मिळवून द्यायचं. तुमचा सोमवार कुठे ठेवलाय ते आम्हाला माहीत आहे. सोडवायला दोन दिवस भरावे लागतील. मग तिन्ही एकदम परत."

मी विचारायला हवं होतं. पण मला दिसत होते ते हे, सोमवारचे, कानटोपीतले, काही ठाऊक नसलेले. ते कुणाकडे तरी अडकून पडलेत आणि मी इथे पोह्यांवर खोबरं पेरत बसलेय. मोबाईलवर एकामागून एक दोन शब्द आले. मी दोन्ही वाचून दाखवले. बाईंनी जाताना आपली कपबशी स्वतः विसळून ठेवली.

महिनाभरानं मी त्यांच्या कार्डावरच्या पत्त्यावर कोल्हापूरला गेले. इमारत चार मजली होती, कार्डावर पाचवा मजला लिहिला होता. लिफ्टमध्ये पाचचं बटण होतं. मी ते दाबलं. लिफ्ट वर गेली, बराच वेळ वर जात राहिली, आणि दार उघडलं तेव्हा मी रस्त्यावर होते. मागे वळून बघितलं तर लिफ्टच्या जागी चपलांचं दुकान होतं.

तेव्हा मात्र वैजूला सांगितलं. ती शनिवारी सकाळच्या गाडीनं आली. रागावली नाही, आणि तेच मला जड गेलं.

"आई, विकणाऱ्यानं आधी काही द्यायचं नसतं गं. देतो तो घेणारा. आणि गेलेलं परत आणून देतो म्हणून जो आपण होऊन दारात येतो, तो त्यांच्यातलाच असतो. तुझा पत्ता त्यांनीच दिलेला असतो त्याला."

"मला काय माहीत?"

"नाहीच माहीत. पण आधी कंपनीलाच विचारायचं होतं आपण, परत घेता का म्हणून. मलाही सुचलं नाही."

तिनं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तो फोनच्या वर भिंतीला चिकटवला. पत्ता विचारायचा. सगळं लेखी मागायचं. मोबाईलवर आलेला शब्द कुणालाही, अगदी कुणालाही सांगायचा नाही.

मग आम्ही कंपनीला पत्र लिहिलं. आठ दिवसांत उत्तर आलं, सभ्य भाषेत. आठवडा परत घेण्याची सोय आहे. ती पहिल्यापासूनच आहे. त्यासाठी काही द्यावं लागत नाही. मात्र आठवडा पूर्ण हवा. आपल्याकडे सध्या चार दिवस आहेत, ते स्वीकारता येत नाहीत.

वैजूनं ते पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून माझ्या हातात दिलं.

पोलीस चौकीतही गेलो. तिथले साहेब चांगले होते. म्हणाले, "काय काय गेलं, आजी?"

"सोमवार, मंगळवार, बुधवार."

"कुठल्या तारखेचे?"

"दर वर्षीचे. एकतिसाव्या आठवड्यातले."

त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. मी विचारलं, हे दिवस नेतात तरी कुठे? साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "एका जिल्ह्यातून घेतात, दुसऱ्यात ठेवतात. पोचेपर्यंत तिसऱ्यात गेलेले असतात."

जुलै आला. मी सोमवारी आंबोलीला जाऊन थांबले, पण काउंटरवरच्या बाईंनी किल्ली दिली नाही. खोली आमची नव्हती. तीन दिवस मी खालच्या व्हरांड्यात बाकावर बसून काढले. गुरुवारी सकाळी किल्ली मिळाली, मी खोली उघडली आणि मागोमाग हे जिना चढून आले. हातात सामान नव्हतं. पलंगाच्या कडेला बसले आणि माझ्याकडे बघितलं. तेवढ्यावरून मला समजलं की त्यांना आत्ताच कळायला लागलंय. त्या वर्षी मजेतले दिवस झालेच नव्हते.

"मी कुठे होतो, इंदू?"

"तुम्हीच सांगा."

"लांब खोली होती," ते म्हणाले. आरेखकच ते, आधी खोलीच सांगितली. "खिडकी नाही. टेबलं एकापुढे एक, शेवट दिसत नाही. प्रत्येक टेबलावर फोन. बसलेले सगळे माझ्याच वयाचे. समोर कागद ठेवतात, तो वाचायचा. पलीकडे बायका असतात. कुणाकुणाच्या बायका. आम्ही त्यांच्याकडे दिवस मागतो."

"तुम्ही?"

"तिथे मला मुकुंद नाही म्हणत. सतीश म्हणतात. मलाही तेच बरोबर वाटतं. सोमवार ते बुधवार मला काही ठाऊक नसतं ना."

मग मी काय काय केलं ते त्यांना सांगितलं. गोड आवाज, सुती साडी, तीन शब्द. ते ऐकत राहिले.

"पावती घेतलीस?"

"नाही."

त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात कोमट होता. "मी तर जेवणावर सही केली होती," ते म्हणाले. "तू निदान मला सोडवायला दिलंस."

शुक्रवारी त्यांनी माझ्या चष्म्याची ढिली झालेली काडी घट्ट करून दिली. शनिवारी त्यांना झोप लागेना, तेव्हा मी वैजूच्या लहानपणचं काहीबाही सांगत बसले. रविवारी काउंटरवर त्यांनी सही करायला इतका वेळ लावला की बाईंनी घड्याळाकडे बघितलं.

यंदा सोमवारी मी घरीच होते, कारण आमची खोली गुरुवारशिवाय उघडत नाही. सकाळी साडेअकराला घरचा फोन वाजला.

"नमस्कार, बाई. मी सतीश बोलतोय. आपल्याला एक आठवडा विकायचाय असं कळलं. ग्राहक तयार आहे."

त्यांचाच आवाज होता. गॅलरीत पेपर वाचतानाचा, सोमवारचा, हलका आवाज. तसा तो मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

"अहो," मी म्हटलं.

"बोला, बाई."

"मी इंदू."

"छान नाव आहे. तर इंदूबाई, फाइल पुढे सरकवायला फक्त गुरुवार लागेल. मोबाईलवर एक शब्द येईल, तो वाचून दाखवा."

टेबलावर मोबाईल थरथरला. गुरुवार असा शब्द आला होता. मी मोबाईल पालथा घातला.

"तुम्ही बरे आहात ना?"

"मजेत आहे. इथले लोक चांगले आहेत."

"जेवलात?"

ते थांबले. कागद उलटल्याचा आवाज आला. "हा प्रश्न यात नाही," ते म्हणाले. त्यांच्यामागे शेकडो माणसं हलक्या आवाजात एकच वाक्य बोलत होती. "बाई, तो शब्द आला का?"

भिंतीवर वैजूचा कागद होता. मी वरची ओळ वाचली.

"आधी पत्ता द्या. तुम्ही बसलाय तिथला. मी येते."

"पत्ता..." ते म्हणाले. "असं कुणी आजवर विचारलं नाही."

"मग विचारून या. मी फोन धरून थांबते."

"थांबाल?"

"थांबते."

त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला. खुर्ची सरकली. मग त्यांची पावलं वाजायला लागली, डावा पाय किंचित घासत चालतात तशी. टेबलांच्या मधून ती लांब लांब जात राहिली. दुपार झाली तरी वाजत होती.

संध्याकाळी मोबाईलवर वैजूचा फोन आला. मी दुसऱ्या कानाला तो लावला आणि सगळं सांगितलं.

"आई, ठेव तो फोन. आत्ता ठेव."

"ते पत्ता विचारायला गेलेत."

ती खूप हळू आवाजात म्हणाली, "कसे वाटले गं बाबा?"

"मजेत," मी म्हटलं.

मंगळवार गेला. आज बुधवार आहे. शब्द मोबाईलवर तसाच आहे, मी कुणाला सांगितलेला नाही. उद्या सकाळी ते आंबोलीला जिना चढतील, सगळं कळायला लागलेलं असेल, आणि खोलीत कुणीतरी असायला हवं. त्यासाठी साडेचारची गाडी गाठायला हवी. आता चार वाजलेत. बॅग दाराशी आहे, आणि मी रिसीव्हर कानाला धरून उभी आहे. पावलं अजून वाजताहेत. जाताहेत की येताहेत, ते आवाजावरून कळत नाही.