उंच ग्लासातलं सरबत

अध्यापक विद्यालयाला लागून असलेल्या त्या बालवर्गात मुलांपेक्षा निरीक्षकच जास्त. शिक्षिका होऊ घातलेली प्रत्येक ताई बालविकासाचे सिद्धान्त पडताळायला तिथेच येई. मुलांचं इतकं निरीक्षण झालं होतं, की नाकात बोट घालण्याआधी ती मागे वळून बघत, लिहिणारी ताई तयार आहे ना.

वर्गाच्या बाईंची भाची यंदा दुसऱ्यांदा प्रात्यक्षिक परीक्षेला बसली होती. या खेपेला नापास झाली, तर काकांच्या सिमेंटच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं घरी ठरलं होतं. काकांनी तिच्या खुर्चीला नवी गादीही शिवून घेतली होती. इतका त्यांचा तिच्यावर विश्वास.

प्रयोग जुनाच. दोन सारख्या ग्लासांत सारखं सरबत. मग एकातलं उंच, निमुळत्या ग्लासात ओतायचं आणि विचारायचं, जास्त कशात? चार वर्षांच्या मुलाने ‘उंच ग्लासात’ म्हणावं, असं पुस्तकात आहे. मूल चुकलं की ताई पास.

परीक्षकबाई मुलांच्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसल्या. वर्गाच्या बाई दाराशी उभ्या राहून भाचीकडे न बघण्याची शिकस्त करत होत्या. समोर मिरची, वय चार, आवाज चाळिशीचा. शेजारी ढब्बू.

भाचीने सरबत ओतलं. "सांग बरं मिरचीताई, आता जास्त कशात?"

मिरचीने ग्लासांकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "बाईंचं उत्तर सांगू, की तायांचं?"

भाचीने उंच ग्लास हळूच तिच्यापुढे सरकवला.

"म्हणजे काय गं?" परीक्षकबाई पुढे सरकल्या. खुर्चीही त्यांच्याबरोबर आली.

"बाईंनी विचारलं की सारखं म्हणायचं. तायांनी विचारलं की उंच ग्लासात जास्त. मग ताया खूश होऊन लिहितात नि आम्हाला खेळायला सोडतात."

"ताई लिहीत असली तर मी आई गेल्यावर रडतोसुद्धा," ढब्बू अभिमानाने म्हणाला. "नाहीतर नाही रडत."

परीक्षकबाईंचा चेहरा उतरला. त्यांचा स्वतःचा प्रबंध याच वर्गातल्या मुलांवर बेतलेला होता. त्या मुलांना आता मिशा फुटल्या होत्या. त्यांना परत बोलावून खरंखोटं करायची सोय नव्हती.

"या प्रयोगाला काही अर्थ नाही," म्हणत त्यांनी पेनाचं टोपण काढलं. भाचीला सिमेंटचा वास येऊ लागला.

"जाऊ दे बाळांनो," ती हताशपणे म्हणाली. "संपला प्रयोग. पिऊन टाका सरबत. घ्या एकेक ग्लास."

दोघांचे हात एकदमच उंच ग्लासावर पडले.

"सोड, माझा आहे!"

"का म्हणून? यात जास्त आहे!"

"मघाशी तूच म्हणालीस ना, सारखं!"

"ते सांगायला सारखं, ढब्ब्या! प्यायला यातच जास्त!"

झोंबाझोंबीत ग्लास आडवा झाला आणि सगळं सरबत परीक्षकबाईंच्या मांडीवर आलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. काही अंशी खुर्चीमुळे, पण चेहऱ्यावर मात्र तेज चढलं होतं.

"उत्स्फूर्त!" त्या ओरडल्या. "अहो, कुणी न पढवलेलं! सिद्धान्त शाबूत आहे!" आणि प्रबंधही, हे त्या मनातल्या मनात म्हणाल्या. चिकट हातानेच त्यांनी ‘उत्तीर्ण’ लिहून सही ठोकली. मग मावशी-भाचीने मिळून त्यांना खुर्चीतून ओढून काढलं.

त्या गेल्यावर भाची गुणगुणत फरशी पुसायला बसली. मिरची तिच्या कानाशी आली.

"ताई, नीट भांडलो ना आम्ही?"

फडकं जागीच थांबलं. "म्हणजे?"

"सोड ना आता खेळायला!"

भाचीने खिडकीतून पाहिलं. परीक्षकबाई अजून फाटकापर्यंतच पोचल्या होत्या, ओले कपडे अंगापासून सोडवत.

"जा," ती हळूच म्हणाली. "मागच्या दाराने जा."

"आणि त्यांनी परत येऊन विचारलं तर?" ढब्बूने विचारलं.

"तर रडायला लाग."