गोल कुणी मारायचा

साताऱ्याहून निघाल्यापासून जीपमध्ये कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं. कराड मागं पडल्यावर इलियास नदाफनं "आपलं मैदानच मुरमाचं हाय, तिथं काय व्हणार," एवढं म्हणून पाहिलं. पण कुणी त्याची री ओढली नाही, तेव्हा तोही खिडकीबाहेर उसाच्या गाड्या बघत बसला.

लालासाहेब मागच्या बाकावर अंग चोरून बसला होता. आष्ट्यात त्याची पिठाची गिरणी. वय चौपन्न. स्वतः त्यानं हॉकीची काठी कधी हातात धरली नव्हती, पण जयवीर मंडळाचा सामना आहे आणि लालासाहेब कडेला उभा नाही, असं बावीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात अक्षता टाकून तो जेवणावळीआधी सांगलीच्या मैदानाकडं पळाला होता. बायको, राहीबाई, ते अजून ऐकवते. आणि एवढं करून पदरात काय पडलं, तर चार वर्षांत तीनदा अंतिम सामना आणि तिन्ही वेळा उपविजेते. उपविजेत्याची ढाल घरी न्यायलाही माणसाला लाज वाटते. आजची ढाल त्याच्या पायाशीच पडली होती आणि खड्डा आला की नडगीवर आपटत होती.

आज तर हातातोंडाशी आलेला घास गेला होता. सत्तर मिनिटं संपली तेव्हा एक-एक बरोबरी. मग जादा वेळ. साडेसात-साडेसात मिनिटांचे दोन डाव, आणि त्यात जो आधी गोल मारेल तो जिंकला, तिथंच खेळ खलास. पाचव्या मिनिटाला आपला मुकुल चेंडू घेऊन सुटला तो थेट गोलाच्या तोंडाशी. समोर सातारकरांचा गोलकीपर एकटा. डाव्या हाताला राहील, इलियासचा पुतण्या, मोकळा उभा राहून घसा फाटेस्तोवर ओरडत होता. नुसता ढकलला असता चेंडू त्याच्याकडं, तरी काम झालं असतं. मुकुलनं दिला नाही. स्वतःच हाणला, तो गोलकीपरच्या पॅडवर. आणि आपली सगळी माणसं पुढं गेलेली असताना सातारकरांनी चार पासांत चेंडू इकडं आणून गोल केला. चौघांपैकी एकानंही तो दोन सेकंदांपेक्षा जास्त जवळ ठेवला नाही.

हे सगळ्यांनी पाहिलं होतं. सगळ्यांनी पाहिलं नव्हतं ते एवढंच, की जादा वेळेच्या आधी पोरं गवतावर आडवी होऊन लिंबू चोखत होती तेव्हा लालासाहेब मुकुलच्या कानाशी वाकला होता. "गोल तू मार गड्या. हे हातातलं घड्याळ तुझं."

आता यात जगावेगळं काही नव्हतं. आपल्या भागात मैदानात कुणी चमकायला लागलं की बघणाऱ्याला राहवत नाही. कुणी फेटा लावतो, कुणी बक्षिसाला बोकड बोलतो, कर्ण्यावरून नाव पुकारतात, टाळ्या पडतात. कुस्तीच्या फडात बापजाद्यांपासून हे चालत आलंय. पण कुस्तीत पैलवान एकटा असतो, आणि इथं अकरा, हा हिशेब लालासाहेबाच्या डोक्यात शिरला तो कराडच्या पुलावर.

पेठ नाक्यावर जीप थांबली. मागून पोरांचा टेंपोही आला. दादासोनं हॉटेलवाल्याला अठरा चहा आणि दोन किलो भजी सांगितली. दादासो म्हणजे मंडळाचा अध्यक्ष आणि साखर कारखान्याचा संचालक, जीपही त्याचीच, त्यामुळं काय खायचं ते तोच ठरवायचा.

चहा पोटात गेल्यावर तोंडं सुटली. हरलेल्या संघाची माणसं बोलायला लागली की ऐकणाऱ्यानं कंटाळू नये. कारण ती त्याच त्याच गोष्टी बोलतात, पण दर वर्षी नव्या तळमळीनं. कुणी पंचाचं नाव घेतलं. कुणी म्हणालं, काठ्या जुन्या झाल्यात, काठीला चिकटपट्टी गुंडाळून किती दिवस ढकलायचं? इलियासचं मैदानाचं होतंच. त्याचं गादीचं दुकान, गोलकीपरचे पॅड तो स्वतः कापूस भरून शिवून द्यायचा, तेव्हा त्याच्या शब्दाला वजन होतं.

"सकाळी पोरांनी मिसळ हाणली, त्ये बघितलं का कुणी?" एकजण म्हणाला. "मिसळ खाऊन कोण पळंल?"

"सातारकर काय उपाशी हुते व्हय?"

"आवं, मागल्या साली मिसळ नव्हती, तवा का हरलो मग?"

सगळ्यांचे हात पुन्हा भज्यांकडं वळले.

मग दादासोनं ग्लास खाली ठेवला. "मैदान न्हाई, मिसळ न्हाई, काई न्हाई. कारण एकच हाय. मुकुल. राहील मोकळा हुता का न्हवता? आरं, आंधळ्याला दिसला असता! स्वतःच्या नावासाठी खेळणारं पोरगं संघात नगं. आणि कारखान्यात खेळाडूची जागा हाय, तिथं मी त्याचं नाव देणार हुतो, त्ये बी आता रद्द. संघातल्या पुष्करचं देतो."

"पुष्करला बापाचं दुकान हाय की," इलियास हळूच म्हणाला.

"असू दे. स्वार्थी तर न्हाई."

बाकीच्यांनी माना हलवल्या. तीन वर्षांच्या थकव्यावर घालायला एक नाव मिळालं, की माणसाला जरा हलकं वाटतं. लालासाहेबानं उचललेलं भजं परत कागदावर ठेवलं. मुकुलचं काय होणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या विट्याच्या मामाचं कानपूरला सोनं गाळायचं दुकान होतं आणि तो तीन वर्षं ये म्हणून पत्रं पाठवत होता. पोरगं हॉकीपायी गेलं नव्हतं. कारखान्यात लागलं तर आष्ट्यात राहणार, खेळणार. नाहीतर अॅसिडच्या धुरात भट्टीपुढं बसणार, ते दिवाळीला चार दिवस गावी येण्यापुरतं आपलं. आणि हे सगळं आपल्या एका घड्याळापायी. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मुकुल टेंपोतून खाली उतरलाच नव्हता. लालासाहेब चहाचा ग्लास आणि कागदात चार भजी घेऊन तिकडं गेला. पोरगं मागच्या फाळक्याला टेकून बसलं होतं, गुडघ्यावरचं रक्त वाळलं होतं.

"घे. च्या घे."

"नगं तात्या."

"घे म्हणतोय न्हवं? ऐक. माझं चुकलं. मी तुला त्ये घड्याळाचं बोलायला नको हुतं. तुझ्या डोस्क्यात त्येच बसलं आन् तू राहीलला चेंडू दिला न्हाईस. आता सगळ्यांच्या म्होरं जाऊन सांगतो, दोष माझा हाय."

मुकुलनं त्याच्याकडं पाहिलं, आणि हसला. दमलेल्या माणसाचं हसू, त्यात राग नव्हता.

"तात्या, घड्याळ कुठलं डोस्क्यात? मला आत्ता तुमी बोलला तवा आठवलं."

"मग?"

मुकुलनं हॉटेलकडं एकदा बघून घेतलं. "दादासो आलं हुतं तुमच्या आधी. म्हणालं, ह्यो गोल जो मारंल त्येचं नाव कारखान्यात. मला वाटलं, मलाच सांगत्यात. आत्ता टेंपोत कळलं, राहीलला बी त्येच सांगितलं हुतं आन् पुष्करला बी. येगयेगळं, कानात." तो थांबला. "राहील मला दिसला हुता, तात्या. चांगला दिसला. त्येला दिला असता तर गोल झाला असता. पर नोकरी त्येची झाली असती."

लालासाहेब फाळक्याला धरून उभा राहिला. पहिल्यांदा त्याला बरं वाटलं, आपलं घड्याळ सुटलं म्हणून. मग बरं वाटल्याची शरम वाटली. आणि मग दादासोचा असा संताप आला की ग्लास फाळक्यावर आपटून तो हॉटेलकडं वळला.

"थांब. त्येची अब्रू मी सगळ्यांच्या देखत काढतो."

"तात्या!" मुकुलनं त्याचं मनगट धरलं. "पाया पडतो, असलं काय करू नगा. त्यांचं नाव निघालं तर माझं नाव कायमचं गेलं. पुढल्या साली, त्येच्या पुढल्या साली, कवा जागा निघाली तरी सही त्यांचीच लागणार. औंदा तर जागा गेलीच. मामाला मी एक तारखेला येतो म्हणून कळवायचं ऱ्हायलंय फकस्त."

हॉटेलपर्यंतची पंचवीस पावलं तो फार हळू चालला. बावीस वर्षं तो या माणसांबरोबर उन्हात उभा राहिला होता, एका तांब्यातून पाणी प्यायला होता. त्यांना खरं सांगता येत नव्हतं आणि गप्प बसवत नव्हतं. मधला एक रस्ता होता, पण तो चांगला नव्हता.

"दादासो," तो बाकड्याशी उभा राहून म्हणाला, "मुकुलचं नाव काढू नगंस. दोष माझा हाय."

सगळे वळले.

"जादा वेळेच्या आधी मी त्येच्या कानात सांगितलं, गोल तू मार, माझं घड्याळ तुला. पोरगं भुललं. मोठ्या माणसानं असली लालूच दावल्यावर पोरगं काय करंल?" इथं त्यानं दादासोकडं सरळ पाहिलं. "एकालाच सांगितलं मी. आन् मी एकट्यानंच सांगितलं. दुसऱ्या कुणाचा त्यात काय संबंध न्हाई."

दादासोचा ग्लास ओठांपाशी थांबला. त्याचे कान लाल झाले. टेंपोकडं त्याची नजर गेली, परत लालासाहेबाकडं आली. त्याला सगळं समजलं होतं. आणि हा आपल्याला वाट काढून देतोय, हेही समजलं होतं.

"लाला!" इलियास उठलाच. "आरं, असं कसं केलंस रं तू? कुस्ती हाय व्हय ही?"

"चुकलं माझं."

"तीन वर्सं! तीन वर्सं आमी डोस्कं फोडतोय आन् तू घड्याळं वाटत फिरतोस? मागल्या साली कुणाला काय दिलतंस?"

"काय न्हाई दिलं."

"खरं कशावरनं?"

खरंच, कशावरून? एकदा सुरू झाल्यावर सगळेच बोलले. कुणी म्हणालं, खेळ कळत नसताना लुडबुड कशाला. कुणी म्हणालं, गिरणीवर बसायचं सोडून ह्येला कुणी सांगितलंय मैदानात यायला. पंच, मैदान, काठ्या, मिसळ, सगळ्यांची आजची सुटका झाली. तो खाली मान घालून ऐकत राहिला. इलियासचं तेवढं लागलं, बाकीचं नाही.

शेवटी इलियासच म्हणाला, "मग पोराचं नाव का काढायचं, दादासो? त्येचा काय गुन्हा?"

"बरोबर हाय," दादासो म्हणाला. त्याचा आवाज पूर्ववत झाला होता, जरा जास्तच मोठा. "मुकुलचं नाव ऱ्हाऊ दे. मी सोमवारी देतो. पर शिस्त म्हणून काय हाय का न्हाई मंडळात? लालासाहेब, आजपासनं तुमी मॅचला यायचं न्हाई. मैदानाच्या कडंला बी दिसायचं न्हाई."

तीस वर्षांची अरेतुरेची ओळख, आणि दादासोनं त्याला 'तुमी' म्हटलं. लालासाहेबानं मान हलवली आणि तोंडावर पाणी मारायला हॉटेलच्या मागं पिंपाकडं गेला.

थोड्या वेळानं दादासो तिथं आला. कुणी नाही असं बघून त्यानं आवाज खाली आणला. "लाला, लय उपकार झालं गड्या."

"तुझ्यावर न्हाई केलं."

"ठावं हाय मला." दादासो चपलेनं ओली माती उकरत राहिला. "तीन वर्सं हरतोय रं. मला वाटलं, काय तरी दावलं तर पोरं जीव टाकतील. तुला बी तसंच वाटलं न्हवं?"

लालासाहेबाला नाही म्हणता आलं नाही.

"पोराची नोकरी नक्की?" त्यानं विचारलं.

"नक्की. आईशप्पत."

"आन् मी? मैदानावर?"

दादासोनं वर पाहिलं नाही. "त्ये आता कसं मागं घ्यायचं? सगळ्यांच्या देखत बोललोय. लोकं इचारतील, का म्हणून."

जीपचा हॉर्न वाजला. सगळे बसले होते. इलियासनं त्याच्यासाठी रोजच्यासारखी शेजारची जागा धरली नव्हती, तेव्हा लालासाहेब अगदी मागं, दाराशी बसला. टेंपोतून पोरांचं हसणं ऐकू आलं, त्यात मुकुलचाही आवाज होता. इस्लामपूर येईपर्यंत पुढच्या बाकांवर पुढल्या वर्षीच्या संघाची जुळवाजुळव सुरू झाली, मुकुलला मधे ठेवायचं की उजवीकडं. लालासाहेबाला वाटत होतं, मधेच ठेवा. तोंडापर्यंत आलेलं त्यानं गिळलं. पुढल्या रविवारी आष्ट्यातच सराव सामना होता, सकाळी आठ वाजता. आठ वाजता माणसानं घरी बसून करायचं तरी काय, हे त्याला काही केल्या सुचेना.