पिशीमाचा फाऊ

मी एक जुनी मातीची हंडी आहे. वडाच्या बुंध्याशी पालथी पडलेय, म्हणून आवाज जरा घुमतो माझा. जवळ या, मित्रांनो, म्हणजे नीट ऐकू येईल.

माझी माती साधीसुधी नाही हं! कोलकात्यात कुमारटुलीला दुर्गेच्या मूर्ती घडवतात. तिथे देवीचं कोपर करून घमेलंभर गोळा उरला. देवीची माती टाकायची कशी, म्हणून कारागिराच्या सासूनं त्याच मातीची मला घडवली. खोटं वाटतंय? वाटू द्या. कोपराला जरा धक्का लागला की कशी झिणझिणी येते? माझ्यातल्या पाण्याचा घोट घेतला की तश्शीच यायची, थेट टाळूपर्यंत!

मला आणलं बिंदेश्वर महतोनं. माणूस दरभंग्याकडचा, पण उभं आयुष्य हातीबागानच्या एका गल्लीच्या तोंडाशी, वेताच्या तिवईवर टोपली मांडून फुचका विकण्यात गेलं. फुचका म्हणजे तुमची पाणीपुरी. पण तिथे असं मोठ्यानं बोलू नका, मार खाल. चिंचेचं पाणी माझ्या पोटात, वर गंधराज लिंबाची फोड तरंगत असायची. एकदा तर जाणाऱ्या ट्रामला नुसता वास लागला, तर ती डोळे मिचकावत जागच्या जागी थांबली! चालक खाली उतरून म्हणाला, "दे बाबा, तिच्या वाटचंही मीच खातो."

समोरच्या लाल ओसरीच्या घरात पिशीमा राहायची. पिशीमा म्हणजे आत्या, आणि ही अख्ख्या गल्लीची आत्या. लग्न केलं नाही, नवऱ्याशी भांडायची सगळी हौस बिंदेश्वरावर फेडली.

"हे पाणी आहे की तापाचं औषध रे?"

"पिशीमा, डोळ्यांतून धार लागलीय तुमच्या. अजून काय पाहिजे?"

"ही तुझ्या बटाट्याची कीव येऊन लागलीय. मिरची घाल!"

आणि शेवटी फाऊ. खाऊन झालं की वर एक फुकट, कोरडा, नुसता बटाटा भरलेला. त्याला तिथे फाऊ म्हणतात. मागितल्याशिवाय द्यायचा नाही आणि मागितल्याबरोबरही द्यायचा नाही. मध्ये भांडण झालंच पाहिजे, नाहीतर चव लागत नाही.

"माझा फाऊ कुठाय?"

"आत्ता तर दिला!"

"मला? तुझ्या हंडीच्या बापाला दिला असशील!"

माझ्या बापाचा असा रोज उद्धार व्हायचा. फार गोड वाटायचं ते.

मग एकदा घराला कुलूप लागलं. घर बिल्डरला गेलं होतं आणि पिशीमाला न्यायला बंगळुरूहून भाच्याची माणसं आली होती. टॅक्सी दारात उभी, तरी ती आली. मुकाट्यानं खाल्लं. त्या दिवशी बिंदेश्वरानं न मागताच फाऊ पुढे केला. पिशीमानं दोन्ही हात पाठीमागे लपवले, लहान मुलीसारखे.

"आज नको. राहू दे तुझ्याकडे. अडकलेला फाऊ माणसाला ओढून आणतो."

"मग कधी याल?"

"येते रे."

'जाते' म्हणायचं नसतं तिथे. तुमच्याकडेही नसतंच की.

दुसऱ्या दिवसापासून बिंदेश्वर पहिला फुचका कोरडा भरायचा आणि माझ्या गळ्याशी वेगळ्या द्रोणात ठेवायचा. दिवेलागणीला त्यावर मुंग्या चढायच्या.

"काय बिंदेश्वर, नैवेद्य का?" लोक हसायचे.

"देव कुठे फुकट मागतो? हा पिशीमाचा आहे."

लाल ओसरी पाडली. तिथे उंच इमारत आली, खाली काचेचं दुकान आलं, त्यात तोटीतून चिंचेचं पाणी यायला लागलं. गर्दी रस्ता ओलांडून तिकडे गेली. बिंदेश्वराचे गुडघे गेले. गावाकडून बायको फोनवर रडायची, "आता तरी या हो घरी." हा म्हणायचा, "एकीचा फाऊ द्यायचा राहिलाय. तेवढा दिला की निघालोच."

आणि मग भाचा आला, इमारतीतली आपली जागा बघायला. बंगळुरूतच वाढलेला, पण हनुवटी थेट पिशीमाची. म्हणाला, "एक प्लेट पाणीपुरी."

दुसऱ्या कुणाला बिंदेश्वरानं सोडलं नसतं. आज त्यानं आधी विचारलं, "पिशीमा कशा आहेत? कधी येतायत?"

"पिशी? ती तर गेली. गेल्या पौषात."

गेली. त्या गल्लीत पिशीमासाठी हा शब्द पहिल्यांदाच कुणीतरी उच्चारला.

"शेवटी शेवटी जेवायची नाही," भाचा बाटलीतलं पाणी पीत म्हणाला. "नुसतं फाऊ, फाऊ करायची. बायकोला वाटलं, कुठल्या कुत्र्याचं नाव असेल."

बिंदेश्वरानं द्रोण त्याच्यापुढे सरकवला. "घ्या. त्यांचाच आहे."

"मी नव्हता मागवला," असं म्हणून त्यानं तो परत ठेवला आणि गेला. भांडलासुद्धा नाही.

बिंदेश्वरानं तो फुचका माझ्या पाण्यात सोडला. तो जरा वेळ तरंगला, मऊ पडला, फुटला, तळाला बसला. मग त्यानं पाणी वडाच्या मुळाशी ओतलं, मला पालथी केली, बुडावर दोन थापा मारल्या.

"येतो," म्हणाला.

त्यालाही आता बऱ्याच दिवाळ्या-होळ्या झाल्या. देवीची मूर्ती गंगेत सोडतात तेव्हा सगळी गल्ली ओरडते, "पुढच्या वर्षी पुन्हा!" तिच्याच कोपराची माती मी, पण माझ्यासाठी कुणी ओरडलं नाही. कडेला तडा गेलाय. आता पाणी भरलं तरी राहायचं नाही.

ट्रामची गोष्ट हवी तर सोडून द्या, मित्रांनो. पण एवढं ऐका. कुणाला 'येतो' म्हणून निघाला असाल तर जा रे बाबांनो, वेळेवर जा. तिकडे तुमच्या वाटचं कुणीतरी रोज भरून ठेवत असतं.

माझ्या काठाशी अजून मुंग्या येतात. वास घेतात, रिकाम्याच माघारी फिरतात. 'येते' म्हणून कधी सांगत नाहीत, पण येतात.