भाट्याच्या समुद्रावर नारळ खवणारी आक्का

भाट्याच्या किनाऱ्यालगत, सुरूच्या बनाआड उभारलेल्या मांडवात त्या रविवारी सकाळी नऊलाच मुंगी शिरायला जागा उरली नव्हती. समोर भिंतीएवढा पडदा, पडद्यावर समुद्र, आणि समुद्रावर, म्हणजे पाण्यात नव्हे तर पाण्यावर, साक्षात श्रीजलविहारी महाराज! अंगावर भगवे रेशीम, गळ्यात तुळशीचा घवघवीत हार, उजवा हात आशीर्वादासाठी वर. लाटा पायांखालून येत होत्या, जात होत्या. पण महाराजांच्या धोतराचा काठ काही भिजत नव्हता.

"माउलींनो, हे दृश्य चर्मचक्षूंना दिसत नाही!" महाराजांचा पट्टशिष्य विनोद ध्वनिक्षेपकावर गर्जत होता. "म्हणून महाराज समुद्रावर एकटे जातात. त्यांना पाहू शकतो तो फक्त दीक्षा घेतलेला कॅमेरा!"

कॅमेऱ्याला दीक्षा कोणत्या कानात देतात, हे विचारण्याचे चारशे माणसांपैकी एकालाही सुचले नाही.

"आणि नीट बघा, महाराजांच्या छातीकडे! हारातली तुळशीची पानं कुठं आहेत? पानांच्या जागी लाटा! अहो, सागर महाराजांच्या हृदयात उतरलाय! म्हणा माझ्यामागून सिद्धमंत्र: जलम् जले जलानि!"

"जलम् जले जलानि!" मांडव दुमदुमला.

तिसऱ्या रांगेत मांडी घालून बसलेल्या महिपत गुरुजींनी डोळे मिटून घेतले. चौतीस वर्षे त्यांनी आठवीच्या मुलांना संस्कृत शिकवले होते. हा सिद्धमंत्र म्हणजे शब्दरूपांच्या तक्त्यातली पहिली ओळ होती. ती पाठ करून घेताना त्यांच्या घशाला कोरड पडत असे. आणि येथे चारशे माणसे एका दमात, डोळ्यांत पाणी आणून, ती म्हणत होती. अध्यापनात आपले कोठे चुकले, असा एक विषादपूर्ण विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

पण गुरुजी येथे व्याकरण तपासण्यासाठी आले नव्हते. ते आले होते शेजारी बसलेल्या थोरल्या बहिणीसाठी. सोनूबाईंना सगळे आक्का म्हणत. त्यांच्या डाव्या पायाला पट्टी होती. मधुमेहाने अंगठ्याशेजारचे बोट काळे पडले होते. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते, "शुक्रवारपर्यंत हे बोट काढायला हवं, आजी. त्यापुढे थांबलात तर घोटा वाचेल याची हमी मी देणार नाही."

आक्का मात्र शुक्रवारनंतरच्या रविवारची वाट पाहत होत्या.

"महाराज म्हणालेत, पुढल्या रविवारी समुद्रतीर्थात पाय बुडव, काळं सगळं उतरंल," परतीच्या रिक्षेत त्या म्हणाल्या. "मग कापाकापी कशाला रे?"

"आक्का, डॉक्टरांचा शब्द..."

"डॉक्टर समुद्रावर चालतो काय?"

 गुरुजींच्या मनात तुळशीच्या हारातल्या त्या लाटा हलत होत्या. असेच काहीतरी त्यांनी पूर्वी पाहिले होते, आणि तेही आक्कांच्याच अंगणात.

निवृत्तीनंतर गुरुजींनी एक व्रत घेतले होते. समुद्राला मागे हटवून कोकणची भूमी मिळवणाऱ्या ऋषीची कथा दहा मिनिटांच्या चित्रपटात बसवायची आणि आपल्या जुन्या शाळेतल्या मुलांना दाखवायची. ऋषी ते स्वतः होणार होते. समुद्र मात्र मागे हटण्यास तयार नव्हता. तेव्हा ते आक्कांच्या सुनेला, शमिकेला, शरण गेले. शमिका शहरात लग्नांचे चित्रीकरण करीत असे. तिच्यासमोर गुरुजी वही उघडून, पेन्सिलीला टोक काढून बसत आणि लॅपटॉपला नमस्कार केल्यावाचून धड्याला आरंभ करीत नसत.

"मामा, तो आधी चालू तरी होऊ दे, मग नमस्कार करा," ती हसे.

शमिकेने हिरवे कापड आणायला सांगितले, म्हणून पहिल्या धड्याला गुरुजी पत्नीचे हिरवे नऊवारी लुगडे घेऊन गेले होते.

"हे नको, मामा. हा काठ केवढा, आणि जरी कशी चमकते बघा! पडदा म्हणून बिनकाठाची, बिनजरीची, एकरंगी पोपटी साडी हवी. माणूस तिच्यासमोर उभा करायचा. मग संगणकाला सांगायचं, की हा पोपटी रंग दिसेल तिथं भोक पाड. त्या भोकातून मागे ठेवलेलं दुसरं चित्र दिसतं. समुद्र ठेवा, समुद्र दिसेल. हिमालय ठेवा, हिमालय दिसेल."

गुरुजींनी ते अक्षरशः वहीत उतरवून घेतले. मग दाढी लावून, हातात आंब्याच्या पानांचा कलश घेऊन ते ऋषी झाले. पडद्यावर समुद्र अवतरला, गुरुजी त्याच्या काठी उभे राहिले. पण कलशावरची पाने गडप झाली होती आणि त्या जागी पाच लाटा उसळत होत्या.

"अगो, माझी पानं?"

"पानंपण हिरवीच ना, मामा! संगणकाला साडी कोणती आणि पान कोणतं ते काय कळतंय? दिसलं हिरवं की पाडलं भोक!"

रिक्षेत हे सारे आठवताच गुरुजी ताठ बसले. म्हणजे सागर महाराजांच्या हृदयात उतरला नव्हता. महाराजांच्या तुळशीला भोक पडले होते! चित्रीकरण करणाऱ्याला हे कळत नसेल असे नाही. पण तुळशीवाचून महाराजांचे दर्शन भक्तांनी गोड मानले नसते. म्हणून चूक झाकण्यासाठी तिचाच चमत्कार केला गेला.

घरी पोचताच आक्कांनी फडताळातून एक नवी साडी काढली. "ही महाराजांच्या देवीच्या ओटीला. शोधून शोधून आणलीय. तिला पोपटीच लागते, बिनकाठाची, बिनजरीची."

गुरुजींच्या हातातला चहाचा कप ओठांपाशीच थांबला. "देवीला काठ का नको, आक्का?"

"तिला साधं आवडतं."

"आणि महाराजांना रेशीम?"

"महिपत, तुझी जीभ तेवढी शिकली हो!"

वाद घालून आक्का ऐकणार नाहीत, हे साठ वर्षांच्या अनुभवाने गुरुजी जाणून होते. म्हणून दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्यांनी एवढेच म्हटले, "आक्का, माझ्या चित्रपटात तुझा एक देखावा हवा. अंगणात बसून नारळ खव. बाकी काही करू नकोस."

"एवढंच? मला वाटलं, नाचायला लावतोस." आक्का खवणीवर बसल्या. मागे शमिकेने ओटीची ती साडी ताणून बांधली, खाली तिचाच पदर अंथरला. आक्कांनी अर्धा नारळ खवला, उन्हाला दोन शिव्या दिल्या आणि त्या सोलकढीच्या तयारीला आत गेल्या. हातातला हिरवा चुडा त्यांनी उतरवला नव्हता. उतरवायला कोणी सांगितलेही नव्हते.

गुरुवारी मांडव पुन्हा भरला. शमिका लॅपटॉप घेऊन आली होती; आक्कांनी आल्याआल्या ओटीची साडी विनोदकडे दिली. गुरुजींनी विनोदच्या हाती पेन ड्राइव्ह ठेवला. "माझ्या बहिणीची चित्रफीत आहे. समुद्रावरची."

"अनुभव आला!" विनोदचा चेहरा उजळला. आत काय आहे, हे पाहण्याइतका धीर त्याला राहिला नाही. "माउलींनो, आज एका भक्ताचा अनुभव!"

पडदा उजळला. भाट्याचा अथांग समुद्र. आणि मधोमध, लाटांवर, एक पाय दुमडून, पट्टीचा पाय पुढे टाकून, आक्का नारळ खवत होत्या! मागून लाट येई, आक्कांच्या खाली शिरे, पुढे जाई. खोबऱ्याचा कीस मात्र कोरडा.

 मांडवात एकच कल्लोळ उसळला. पुढच्या रांगेतला भिकू सरळ आक्कांसमोर आडवा झाला.

"आक्का, पाय द्या!"

"अरे मेल्या, तोच तर दुखतोय! हात लावू नको!"

मागे बसलेल्या चंपाने स्वतःच्या गळ्यातली माळ काढून आक्कांच्या गळ्यात घातली. गुरुजींनी कपाळाला हात लावला. एका महाराजांना उतरवायला आलो आणि दुसरे दैवत बसवून बसलो!

एवढ्यात व्यासपीठावरून महाराजांचा घनगंभीर स्वर आला. "आश्चर्य करू नका, बाळांनो. काल पहाटे आम्हीच या माउलीला हाताला धरून समुद्रावर नेलं. आमच्याच कृपेनं ती तिथं बसली."

आक्कांनी मान वर केली.

"काल? मला?"

"तुला स्मरणार नाही, माउली. तू समाधीत होतीस."

"समाधीत नारळ खवत होते?" आक्का काठीला रेलून उभ्या राहिल्या. "महाराज, मी सोमवारी बसले होते, माझ्या अंगणात. तो नारळपण माझ्याच माडाचा. आणि काल पहाटे पाय ठणकत होता म्हणून रडत होते मी. तेव्हा कुठं होतात तुम्ही?"

 आक्कांनी पुन्हा पडद्याकडे पाहिले आणि त्या दचकल्या. "अगो बाय! माझा चुडा कुठं गेला?" पडद्यावरच्या मनगटांत बांगड्या नव्हत्या, बांगड्यांच्या जागी पाण्याच्या कड्या चमकत होत्या. त्यांनी घाईने स्वतःचे हात चाचपले. चुडा जागच्या जागी होता.

"चुडा हिरवा, आक्का," गुरुजी शांतपणे म्हणाले, "आणि तुझ्यामागे बांधलेली साडीही हिरवी. महाराजांची तुळससुद्धा हिरवीच."

शमिकेने लॅपटॉप उघडून मूळ चित्रफीत पडद्यावर लावली: अंगण, पोपटी साडी, खवणी. तिने एकेक पायरी करून दाखवली. साडी गेली; समुद्र आला; बांगड्या गेल्या. शास्त्र समजायला बायकांना तेवढे पुरले. आपण ओटीत दिलेल्या पोपटी साड्या शोधायला त्या उठल्या, व्यासपीठामागची कनात त्यांनी बाजूला सारली. आत छतापासून जमिनीपर्यंत एकच पोपटी पडदा ताणलेला होता, ओटीच्या चाळीस साड्या शिवून केलेला.

"ही माझी!" चंपा किंचाळली. "ह्यो पदरावरचा हळदीचा डाग! देवीला नेसवली म्हणून सांगितलंस रे, विनोद?"

भिकू कपडे झटकत उठला. तो मासेमारी करणारा माणूस. समुद्राची त्याला भीड नव्हती. "महाराज, दर्या शंभर पावलांवर आहे. चला. कॅमेरा नको, आम्ही डोळ्यांनीच बघतो."

महाराजांनी सूर्याकडे पाहिले. "आता ओहोटी आहे. ओहोटीला सिद्धीही उतरते."

"अडीचला भरती लागेल. आम्ही बसतो," भिकू म्हणाला आणि खरोखरच वाळूत जाऊन बसला. त्याच्यामागून दोनशे माणसे गेली. अडीच वाजता भरती लागली. महाराज मात्र सव्वा वाजताच पांढऱ्या गाडीतून, कोरड्या डांबरी रस्त्याने, अत्यंत वेगाने निघून गेले होते.

आक्का भरतीसाठी थांबल्या नाहीत. मांडवातच त्यांनी विचारले होते, "महिपत, मी समुद्रावर बसलेली चारशे माणसांनी बघितली. मग माझा पाय का रे बरा नाय झाला?"

"कारण तू बसली नव्हतीस, आक्का."

त्यांनी गळ्यातली माळ काढून चंपाच्या हातात ठेवली. मग म्हणाल्या, "रिक्षा बोलव. दवाखान्यात."

शुक्रवारी सकाळी बोट काढले. घोटा वाचला, पाय वाचला. शुद्धीवर येताच आक्कांनी पहिला प्रश्न केला, ओटीची साडी परत मिळाली का. आणि दुसरा, दवाखान्यातल्या आमटीत मीठ का नाही.

गुरुजींना या दिवसांत अनेकांनी विचारले, "तुम्ही रोज संध्या करणारे, मग देवाविरुद्ध कसे गेलात?" गुरुजी म्हणत, "मी देवाविरुद्ध गेलो नाही, एका शिवलेल्या पडद्याविरुद्ध गेलो." वाचकांनीही एवढा विवेक ठेवावा. जे पडद्यावर दिसते ते कोणीतरी घडवलेले असते. ते कसे घडवले, हे विचारण्यात श्रद्धेचा अपमान नाही. जो चमत्कार आपल्या उघड्या डोळ्यांसमोर, भर दिवसा, पुन्हा करून दाखवता येत नाही, त्याच्या भरवशावर आपल्या माणसाचा पाय, डोळा, प्राण कधीही टांगणीला लावू नये. डॉक्टरांनी शुक्रवार सांगितला असेल, तर रविवारची वाट पाहू नये.