गारांची हाक

मी एक शंख बोलतोय. देवळातला नव्हे. जन्मलो समुद्रात, पण आयुष्य गेलं अँडीजच्या डोंगरात, जिथे समुद्र कुणी पाहिलेलासुद्धा नाही. एका व्यापाऱ्यानं लामा या ओझ्याच्या जनावराच्या पाठीवरून मला वर आणलं, माझं टोक घासून भोक पाडलं आणि मी गावाचा आवाज झालो.

फुंकण्याआधी मला घोटभर मक्याची दारू पाजायची रीत होती. लाडच होते म्हणा ना. लांब सूर निघाला की माणसं चौकात जमायची. तुटक सूर म्हणजे गारा येताहेत. मग जनावरं हाकत सगळे वरच्या गुहांकडे पळायचे.

माझा शेवटचा मालक बर्नाबे सुल्का, गावचा मुखिया. स्पेनच्या राजानं त्याला चांदीच्या मुठीची काठी दिली होती. राजाचा कर तोच गोळा करायचा आणि गावाची भांडणंही तोच मिटवायचा.

त्या वर्षी खोऱ्यात राजाविरुद्ध बंड पेटलं. एका सकाळी राजाचा कप्तान आला. शिपाई त्यानं चर्चमागे लपवले आणि सुल्काला हुकूम सोडला, की लोकांना चौकात बोलाव, धडधाकट पुरुष खाणीत न्यायचेत. त्या खाणीतून परत आलेलं कुणी मी पाहिलं नव्हतं.

सुल्का मला घ्यायला घरात आला. त्याची बायको उर्सुला माझ्यात दारू ओतत हळूच म्हणाली, "राजाच्या काठीनं आपलीच माणसं हाकणार आहात का?"

"नाही हाकली तर लटकवतील गं मला."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि नेहमीपेक्षा जास्त दारू ओतली.

चौकात कप्तानाशेजारी दुभाषा हासिन्तो उभा होता. शेजारच्या खोऱ्यातला, आमच्याच बोलीचा, अंगात मात्र राजाचा कोट. त्याला माझे दोन्ही सूर ठाऊक होते.

सुल्कानं मला ओठांना लावलं. लांब सूर सुरू झाला आणि माझा धीरच सुटला. मग त्यानं श्वास तोडला. पुन्हा तोडला. निरभ्र आकाशाखाली मी गारांची हाक दिली.

"काय सांगतोय हा?" कप्तानानं विचारलं.

हासिन्तोनं एकदा डोंगराकडे पाहिलं. म्हणाला, "बोलावतोय, साहेब. वस्त्या लांब आहेत. वेळ लागेल."

चौकात कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. दुपार कलली तेव्हा दूर कड्यावर माणसा-जनावरांची रांग दिसली आणि कप्तान काय ते समजला. सुल्का आणि हासिन्तो, दोघांना चर्चच्या घंटेशेजारी, एकाच तुळईला लटकवलं.

पुढे शंख दिसेल तिथे फोडायचा हुकूम निघाला. उर्सुलानं मला बटाट्याच्या शेतात पुरलं. अजून तिथेच आहे. वर कुदळ वाजली की धडकी भरते, काढणारा कोण असेल? बाबा रे, जो कुणी असशील, दारू नाही पाजलीस तरी चालेल. पण मला फुंकण्याआधी एकदा डोंगराकडे बघ, हासिन्तोनं पाहिलं तसं.